रिकामा डबा परत का देत नाहीत? अकरावी-बारावीच्या वयातले मानवशास्त्र

प्रतिनिधी, मुंबई

दिवाळीच्या दिवसांत शेजारच्या घरून फराळाचा डबा येतो. आठवडाभराने तो घासूनपुसून परत जातो. मात्र रिकामा जात नाही. आपल्याकडचे चार लाडू, तेही संपले असतील तर निदान चिमूटभर साखर त्यात घातली जाते. मुलुंडची नवी सोसायटी असो वा घाटकोपरची जुनी चाळ, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही आणि तो मोडल्याबद्दल दंडही नाही. तरीही तो पाळला जातो. घरातील मोठ्यांना कारण विचारले, तर 'तशी पद्धतच आहे' एवढेच उत्तर मिळते.

बहुतेक जण या उत्तरापाशी थांबतात. सामाजिक व सांस्कृतिक मानवशास्त्र हा विषय तेथून सुरू होतो. देणे, स्वीकारणे आणि परत करणे या तीन बंधनांतून माणसांची नाती कशी विणली जातात, हे फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवून दिले. त्यांची उदाहरणे पॅसिफिक महासागरातील बेटांची व अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींची होती. आपल्या जिन्यावरून खाली-वर होणाऱ्या डब्यालाही तोच विचार लागू पडतो. रिकामा डबा म्हणजे मिटलेला व्यवहार. भरलेला डबा म्हणजे पुढे चालू राहणारे नाते. मग आणखी एक प्रश्न उभा राहतो. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही आपण फराळ देतो. पण त्यांच्या घरून डबा भरून यावा, अशी अपेक्षा ठेवतो का? नसल्यास का नाही? साध्या डब्यावरून सुरू झालेला विचार असा समाजातील उच्चनीचतेपर्यंत जाऊन पोहोचतो.

दहावीचा निकाल लागला की उपनगरांतील घराघरांत विज्ञान की वाणिज्य, असा प्रश्न असतो. कला शाखेचे नाव बहुधा तिसऱ्या क्रमांकावर आणि तेही काहीसे नाइलाजाने घेतले जाते. त्या शाखेतही मानवशास्त्राचा उच्चार क्वचितच होतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी हा विषय शिकावा का, कोठे शिकावा आणि शिकताना कशाचे भान ठेवावे, याचा हा परिचय.

विषय नेमका कोणता?

मानवशास्त्राच्या ढोबळमानाने चार शाखा मानल्या जातात. माणसाच्या शरीराचा व उत्क्रांतीचा अभ्यास करणारे जैविक मानवशास्त्र, भूतकाळातील मानवी अवशेषांचा शोध घेणारे पुरातत्त्व, भाषेचा अभ्यास करणारे भाषिक मानवशास्त्र आणि जिवंत समाजांच्या चालीरीती, नाती, श्रद्धा, देवघेव व सत्ता यांचा अभ्यास करणारे सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र. आपण येथे चौथ्या शाखेविषयी बोलत आहोत.

'मग समाजशास्त्र म्हणजे तरी दुसरे काय?' असे कोणी विचारील. विषयांच्या सीमारेषा भारतात तरी पुसटच आहेत; खरा फरक पद्धतीत आहे. पाहणीचे अर्ज भरून घेऊन टक्केवारी काढणे हा अभ्यासाचा एक मार्ग झाला. मानवशास्त्राचा अभ्यासक त्याऐवजी लोकांमध्ये जाऊन राहतो, त्यांची भाषा शिकतो, त्यांच्याबरोबर जेवतो आणि ते काय बोलतात याबरोबरच प्रत्यक्ष काय करतात, हेही टिपतो. याला 'सहभागी निरीक्षण' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी न्यू गिनीजवळील ट्रोब्रियांड बेटांवर दीर्घकाळ राहून ही पद्धत रुजविली. अशा अभ्यासातून लिहिल्या जाणाऱ्या लोकजीवनाच्या तपशीलवार वर्णनाला 'एथ्नोग्राफी' असे म्हणतात.

या विषयाची एक शिस्त आहे. दुसऱ्याची चालरीत आपल्या फूटपट्टीने मोजायची नाही. प्रथम ती त्यांच्या दृष्टीने समजून घ्यायची. म्हणजे प्रत्येक रूढीचे समर्थन करायचे, असे नव्हे. समजण्याआधी निवाडा द्यायचा नाही, एवढेच.

कोठे शिकता येतो?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या कला शाखेत अकरावी-बारावीला समाजशास्त्र आहे; मानवशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. मात्र समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात संस्कृती, सामाजिक संस्था, सामाजीकरण, स्तरीकरण, आदिवासी, ग्रामीण व नागरी समाज हे घटक येतात आणि ते मानवशास्त्राच्या अगदी जवळचे आहेत. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) समाजशास्त्रात ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुणांचे प्रकल्पकार्य असते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात भारतीय समाजशास्त्रज्ञांवर एक प्रकरण असून त्यातील अनंतकृष्ण अय्यर व शरच्चंद्र रॉय हे दोघे तर भारतातील मानवशास्त्राचे आद्य अभ्यासक मानले जातात.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे 'आयबी'च्या दोन वर्षांच्या डिप्लोमा अभ्यासक्रमात मात्र 'सामाजिक व सांस्कृतिक मानवशास्त्र' याच नावाचा विषय आहे. तो साधारण पातळीवर १५० तास व उच्च पातळीवर २४० तास शिकविला जातो. संस्कृती, समाज, ओळख, सत्ता, बदल, प्रतीके, सामाजिक संबंध, भौतिक वस्तू, श्रद्धा व ज्ञान अशा नऊ संकल्पनांभोवती त्याची मांडणी आहे. विद्यार्थ्याला एथ्नोग्राफी वाचाव्या लागतात आणि स्वतः मर्यादित स्वरूपाचे क्षेत्रकार्यही करावे लागते. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत आयबी शाळांची संख्या गेल्या दोन दशकांत वाढली आहे. मात्र आयबीची प्रत्येक शाळा प्रत्येक विषय शिकवीत नाही. प्रवेश घेण्यापूर्वी हा विषय आहे का, याची चौकशी शाळेत करणे इष्ट. शिवाय या शाळांचे शुल्क मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते, हेही खरे. माणसामाणसांतील विषमता तपासणारा विषय ज्यांना परवडतो त्यांनाच त्या नावाने शिकता यावा, हा विरोधाभास लपून राहत नाही.

देशात अन्यत्र चित्र थोडे वेगळे आहे. पश्चिम बंगालच्या उच्च माध्यमिक परिषदेच्या विषयांत मानवशास्त्र आहे. कोलकाता विद्यापीठात या विषयाची शंभर वर्षांची परंपरा असल्याने ते स्वाभाविकच. याउलट इंग्लंडमध्ये एका परीक्षा मंडळाने २०१० मध्ये ए-लेव्हलला हा विषय सुरू केला आणि २०१५ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मानवशास्त्राचा पाया घालणाऱ्या देशांतही शाळेच्या पातळीवर हा विषय अजून स्थिरावलेला नाही.

मुंबईचा वारसा

हा विषय परदेशातून आलेला, आपल्या शहराला परका, असे मात्र नाही. 'अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था १८८६ मध्येच स्थापन झाली होती. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये सर पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९२४ मध्ये त्याची सूत्रे मूळचे मालवणचे असलेल्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स व हॅडन या मानवशास्त्रज्ञांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्र यांत भिंत उभी केली नाही. महादेव कोळ्यांवर त्यांनी पुस्तक लिहिले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांतून एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे असे अभ्यासक घडले.

मराठी वाचकांना इरावतीबाई 'युगान्त'मुळे ठाऊक आहेत. त्यांच्या मानवशास्त्रातील कामाची ओळख मात्र त्या मानाने कमी आहे. मुंबईहून एम. ए. होऊन त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या सिद्धांताचे पुरस्कर्ते होते. कवट्यांच्या मापांवरून गोऱ्या वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी शंभराहून अधिक कवट्या मोजल्या आणि वंशाचा असा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष नोंदविला. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध प्रबंध लिहिणारी ती विशीतली विद्यार्थिनी होती. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना त्यांनी भारतभर हिंडून नातेसंबंधांवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर व दक्षिण भारतातील नात्यांच्या पद्धती महाराष्ट्रात एकत्र येतात, असे त्यांनी दाखविले. काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होते आणि काहींत ते निषिद्ध मानले जाते, यामागे ही भौगोलिक व सांस्कृतिक सरमिसळ आहे.

याच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींच्या उगमावर व यंत्रणेवर निबंध वाचला होता. जातीबाहेरील विवाहावरील बंदी हाच जातिव्यवस्थेचा कणा आहे, हे त्यांनी त्यात मांडले. आपल्याच समाजाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहता येते आणि त्या पाहण्यातून बदलाची दिशाही सापडते, याचे याहून ठळक उदाहरण कोणते?

उपनगर हीच प्रयोगशाळा

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागते. या विषयाची प्रयोगशाळा घराच्या दारातच सुरू होते. इमारतीत राहणारा विद्यार्थी सोसायटीच्या सूचनाफलकापासून प्रारंभ करू शकतो. उद्वाहन कोणी वापरायचे, कोणी नाही. गच्ची कोणत्या सणाला मिळते, कोणत्या सणाला मिळत नाही. भाडेकरू कसा असावा, याविषयी फलकावर काय लिहिलेले असते आणि काय न लिहिताच पाळले जाते? ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये असे मांडले, की अस्वच्छता वस्तूत नसते. वस्तू 'चुकीच्या जागी' असली की ती आपल्याला अस्वच्छ वाटते. पादत्राणे दाराबाहेर निमूट पडलेली असतात. तीच जेवणाच्या टेबलावर ठेवली तर ओरड होते. 'जागा' ठरविणारी ही मनातील विभागणी वस्तूंवरून माणसांवर कशी सरकते, हे घरकामगारांसाठी वेगळा ठेवलेला कप पाहिला की लगेच उमगते.

दुसरा सोपा अभ्यास नात्यांच्या शब्दांचा. आजी-आजोबांसमवेत बसून तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावा आणि प्रत्येकाला काय म्हणून हाक मारतात, ते नोंदवावे. इंग्रजीतील एका 'आंटी'त आपल्या आत्या, मावशी, मामी व काकू या चौघी कोंबल्या जातात. त्यानंतर बाहेर पडून पाहावे. अंधेरीच्या बाजारात भाजीवालीला 'मावशी' म्हणतात, सहसा 'आत्या' म्हणत नाहीत. रिक्षाचालक 'दादा' किंवा 'काका' असतो, 'मामा' म्हटले तर त्याचा अर्थ निराळा होऊ शकतो. रक्ताचे नाते नसलेल्यांना आपण कोणते नाते बहाल करतो, यातही एक व्यवस्था असते.

लोकलच्या डब्यातील भजनी मंडळे, ठरलेली जागा राखणारे रोजचे गट, महिलांच्या डब्यात भाजी निवडता निवडता वाटली जाणारी सुखदुःखे. वेसावे, मढ, गोराई येथील कोळीवाड्यांत मासळीच्या व्यवहारात स्त्रियांच्या हाती असलेले अर्थकारण. टॉवरांच्या गर्दीत तग धरून राहिलेली ईस्ट इंडियन समाजाची गावठाणे असे कितीतरी विषय हाताशी आहेत. मुंबईच्या सोनकोळ्यांवर विजया पुणेकर यांचा ग्रंथ १९५९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. साठ-पासष्ट वर्षांनंतर त्यातले काय उरले आणि काय बदलले, हा प्रश्न वेसाव्याच्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्याच आजीला विचारला, तरी उत्तम प्रकल्प उभा राहील.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व गोरेगावची आरे वसाहत येथील पाड्यांत वारली व अन्य आदिवासी कुटुंबे राहतात. बिबट्याच्या वावराच्या या परिसरात 'वाघोबा' हा देव पुजला जातो आणि वाघबारसेला त्याचा मान असतो. वारली समाज व वाघोबा यांविषयीचे एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वाघोबाची सुमारे १५० ठाणी त्यात नोंदविली आहेत. टॉवरमधील रहिवासी बिबट्या दिसताच वनखात्याला दूरध्वनी करतो, तर पाड्यावरील माणूस त्याला देवाच्या व शेजाऱ्याच्या नात्याने ओळखतो. एकाच प्राण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी एकाच पिनकोडमध्ये नांदतात.

पाठ्यपुस्तकातील एक जुना वादही येथे जिवंत होतो. आदिवासींना बाहेरच्या जगाच्या आक्रमणापासून संरक्षण द्यावे, असे व्हेरिअर एल्विन यांचे म्हणणे होते. १९३९ च्या 'द बैगा' या पुस्तकात त्यांनी त्यांच्यासाठी 'राष्ट्रीय उद्याना'सारख्या राखीव प्रदेशाची कल्पना मांडली आणि त्यावर बरीच टीका ओढवून घेतली. घुर्ये यांनी १९४३ च्या ग्रंथात नेमकी उलट बाजू घेतली. आदिवासी हे हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग असून त्यांना वेगळे ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईत खरोखरच राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात माणसेही राहतात. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे रातोरात तोडली गेली आणि मोठे आंदोलन झाले. एल्विन की घुर्ये, हा प्रश्न परीक्षेत पाच गुणांचा असेल; पाड्यावर तो घराचा व जमिनीचा आहे. त्या दोघांच्याही वादात आदिवासींचे स्वतःचे म्हणणे किती होते, हा तिसरा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याने जरूर विचारावा.

प्रश्न विचारण्यापूर्वी

या विषयाचा इतिहास सर्वस्वी अभिमानास्पद नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावण्याचा प्रयत्न केला. हा सिद्धांत देशभर सरसकट लागू होत नाही, हे घुर्ये यांनी १९३२ मध्ये दाखविले. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर 'जन्मजात गुन्हेगार' असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; पण महाराष्ट्रातील पारधी व अन्य भटक्या-विमुक्तांच्या कपाळावरील तो शिक्का अद्याप पुरता पुसलेला नाही. माणसांविषयी लिहिलेला कागद माणसांचे आयुष्य बिघडवू शकतो, हा धडा मानवशास्त्र स्वतःच्या चुकांतून शिकले आहे.

म्हणूनच आज क्षेत्रकार्याची पहिली अट माहितीपूर्ण संमती ही आहे. आपण कोण, काय लिहिणार, कोण वाचणार, हे समोरच्याला सांगायचे. त्याने नकार दिला, तर तो मानायचा. नावे बदलायची आणि छायाचित्र विचारल्याशिवाय काढायचे नाही. उपनगरांत या नियमांना विशेष अर्थ आहे. समजा, घाटकोपरच्या वस्तीत एखाद्या विद्यार्थ्याने सहज विचारले, 'तुम्ही येथे कोणत्या साली राहायला आलात?' त्याला हा निरुपद्रवी प्रश्न वाटतो. पण झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर, तर त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला सशुल्क घर, अशी विभागणी आहे. म्हणजे ज्या वर्षाची नोंद विद्यार्थी वहीत करणार, त्यावर एका कुटुंबाचे घर अवलंबून असू शकते. वही कोणाच्या हाती पडेल, याचा विचार प्रश्नाआधी करायला हवा.

दुसरा पेच घरातलाच. प्रकल्पासाठी सर्वांत सोपी मुलाखत कोणाची? घरी काम करणाऱ्या ताईंची. त्या 'हो' म्हणतील. पण पगार देणाऱ्या घरातील मुलाला त्या 'नाही' कशा म्हणतील? ज्याला नकार देता येत नाही, त्याचा होकार ही संमती नव्हे. आयबीच्या चौकटीत क्षेत्रकार्याच्या नीतिमूल्यांवर वेगळा भर आहे. इतर मंडळांच्या प्रकल्पांत ही जबाबदारी मुख्यतः शिक्षकांवर येते. 'वस्तीला भेट देऊन अहवाल लिहा' एवढेच सांगून मुलांना धाडणे योग्य नव्हे. तासाभराची भेट, चार छायाचित्रे आणि 'हे लोक फार साधे असतात' असा समारोप म्हणजे मानवशास्त्र नव्हे, पर्यटन होय.

टिपणे जपण्याविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. घुर्ये यांचे विद्यार्थी श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळील एका खेड्यात राहून अभ्यास केला होता. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील त्यांच्या संस्थेला आग लावण्यात आली आणि संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. सहकाऱ्यांच्या आग्रहाने त्यांनी ते खेडे आठवणीतून पुन्हा उभे केले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ आज अभिजात मानला जातो. माणसांत मिसळून मन लावून पाहिलेले सहजासहजी विसरत नाही, हा त्याचा अर्थ. अर्थात टिपणे रोजच्या रोज लिहावीत आणि जपून ठेवावीत, हेही तितकेच खरे.

पुढे काय?

पालकांचा अखेरचा प्रश्न हाच असतो. पदवीसाठीच्या सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या (सीयूईटी) विषययादीत मानवशास्त्र आहे. दिल्ली विद्यापीठात विज्ञान शाखेतून या विषयाची पदवी घेता येते. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात समाजशास्त्र व मानवशास्त्र असा संयुक्त विभाग आहे, तर पुण्याच्या विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून तो लोकप्रिय आहे. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालये, सार्वजनिक आरोग्य, पुनर्वसन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था ही नेहमीची क्षेत्रे झाली. लोक वस्तू प्रत्यक्षात कशी वापरतात, हे जाणून घेण्यासाठी खासगी कंपन्याही आता अशा अभ्यासकांना बोलावतात. मात्र भरघोस पगाराची हमी हा विषय देत नाही आणि तशी आशा दाखविणे गैर ठरेल.

तो देतो ती सवय वेगळी आहे. एकमेकांना खेटून राहणाऱ्या, पण एकमेकांविषयी फारसे न जाणणाऱ्या लाखो माणसांच्या या उपनगरांत 'ते लोक असेच' हे वाक्य दिवसातून कितीदा तरी कानी पडते. अकरावीतल्या मुलाने ते वाक्य ऐकल्यावर क्षणभर थांबून 'कशावरून?' असे विचारले, आणि मग 'आपण तरी कसे?' असा प्रश्न स्वतःला केला, तर विषय त्याला समजू लागला असे म्हणता येईल. त्यासाठी गुणपत्रिकेवर मानवशास्त्र हे नाव असलेच पाहिजे असे नाही. समाजशास्त्राचे पुस्तक, एक वही आणि पुढच्या दिवाळीत शेजारून येणारा डबा एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.